शिवणक्लासच्या आधी आणि नंतर

शिवणकाम हा बायकांचा धंदा, असे आज आपण सगळ्याजणी धरून चालतो. पण आमच्या आजीच्या काळी बीबीच्या पंचक्रोशीत कापड बेतणे आणि शिवणे हे शिंप्याचे काम होते, आणि शिंपी हा पुरुष होता. बायका घरी वाकळी शिवीत, विरलेल्या लुगड्याला दंड घालीत, मुलांच्या अंगड्या-टोपड्यांना टाके घालीत. परंतु ह्या कामाचे कोणी पैसे देईल, ही कल्पना त्यांच्या मनाला शिवलीसुद्धा नव्हती. सुई तीच, दोरा तोच. एकाच्या हातात गेला की तो धंदा, आणि दुसरीच्या हातात आला की ते घरकाम!

संपादिकाबाईंनी मला मंडळाचा इतिहास लिहावयास सांगितले होते. मंडळाचा इतिहास इतिवृत्ताच्या वह्यांत आहे. ज्यांना सवड असेल त्यांनी तो जरूर वाचावा, अक्षर चांगले आहे. मला त्याच्याही मागचा थोडा इतिहास सांगावासा वाटतो. खेड्यातल्या, गरीब घरातल्या, शाळा अर्धवट सुटलेल्या मुलीबाळींना एखादी विद्या देऊन पोटापाण्याला लावावे, ही खटपट आपल्या महाराष्ट्रात कोणी कोणी केली, कोणाची फळाला आली, कोणाची वाया गेली, हे पाहिल्याशिवाय यंदाच्या शिवणक्लासचा ठराव आपण नुसते हात वर करून संमत करू नये, असे माझे मत आहे.

सन १८८२ मध्ये सरकारने शिक्षणाच्या चौकशीसाठी हंटर कमिशन नेमले. त्याच्यापुढे पुण्याहून दोन आवाज उठले, ते दोन्ही आपल्या कामाचे आहेत. पहिला जोतीराव फुले ह्यांचा. शेतकऱ्याच्या घामातून सरकारचा खजिना भरतो आणि तो वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो, हे त्यांनी कमिशनला रोखठोक सांगितले. पण मला त्यांच्या निवेदनातील दुसरीच गोष्ट अधिक मोलाची वाटते. गावच्या शाळेत वाचन, लेखन, हिशेब ह्यांच्या जोडीला शेतीचे शिक्षण असावे, तेही नमुन्याच्या शेतावर प्रत्यक्ष करून दाखविलेले. आणि पंतोजी असा असावा की ज्याला नांगराची मूठ किंवा सुताराचा वाकस हातात धरण्याची लाज वाटणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. ह्या जोतीरावांचे चरित्र १९२७ साली लिहून प्रसिद्ध करणारे पंढरीनाथ पाटील हे आपल्याच बुलढाणा जिल्ह्याचे, हे मुलांना सांगून ठेवावे.

दुसरा आवाज पंडिता रमाबाईंचा. त्या वेळी त्यांचे वय अवघे चोवीस वर्षांचे. त्याच साली वैधव्य आलेले आणि पदरी तान्ही मुलगी. त्यांनी कमिशनला सांगितले की, ह्या देशात बायकांना बायका डॉक्टर पाहिजेत आणि मुलींना शिकविण्यास बायका शिक्षिका पाहिजेत. आज हे ऐकून कोणाला नवल वाटणार नाही. पण त्यातली खुबी पाहावी. रमाबाईंनी केवळ ‘बायकांना शिकवा’ असे म्हटले नाही. शिकलेल्या बाईला बसावयास जागा कोठे आहे, हे त्यांनी आधी दाखविले. दवाखान्यात जागा रिकामी आहे, शाळेत जागा रिकामी आहे, तेथे बाई हवी आहे. माझ्या ह्या लेखात सांगण्यासारखे जे काही आहे, ते सारे ह्या एका गोष्टीभोवतीच फिरते.

आपल्या वऱ्हाडात त्या सुमारास काय चालले होते? अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध झाले, तेव्हा विलायतेतल्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८७० साली खामगावच्या कापूसबाजारापर्यंत जलंबहून रेल्वेचा फाटा आला. त्या समारंभाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले होते. मागोमाग वाफेवर चालणारे जिन-प्रेसचे कारखाने उभे राहिले. तोवर सरकी काढण्याचे काम बायका घरोघरी हातचरकीवर करीत आणि त्यातून दोन पैसे त्यांच्या पदरात पडत. यंत्र आले आणि चरकी माळ्यावर गेली. बायका कारखान्यात गेल्या खऱ्या, पण यंत्राच्या तोंडाशी कापूस घालावयास आणि पाट्या उचलावयास. इंजिनापाशी, जोडारीपाशी, वजनकाट्यापाशी कोठेही बाई नव्हती. जिल्ह्यात यंत्र आले, रेल्वे आली, बाजार आला. यंत्राची विद्या तेवढी आमच्या आज्या-पणज्यांच्या वाट्याला आली नाही. ह्यात बायकांची अक्कल कमी पडली असे कोणी म्हणू नये. ज्या हाताने चरकी चालविली त्या हाताला इंजिनाचे तेलपाणी कळले नसते असे थोडेच आहे!

पंडिता रमाबाई पुढे विलायत-अमेरिकेस जाऊन आल्या आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईस त्यांनी शारदासदन काढले. दुसऱ्या वर्षी ते पुण्यास आले. धर्मांतराच्या कारणावरून १८९३ मध्ये पुण्याच्या लोकांनी आपल्या मुली तेथून काढून नेल्या, तो वाद प्रसिद्ध आहे. त्यात मी शिरत नाही. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात हिंडल्या आणि उपाशी, निराधार मुली-बायकांना घेऊन केडगावला गेल्या. पुण्याजवळच्या त्या माळावर पुढे मुक्तिसदन उभे राहिले. तेथे ह्या मुली काय करीत होत्या? शेत करीत होत्या, माग चालवीत होत्या, आणि छापखान्यात खिळे जुळवीत होत्या. त्या काळी पुण्या-मुंबईच्या छापखान्यांत पुरुष कंपॉझिटर मान वर करून बोलत असत, आणि येथे दुष्काळातून उचलून आणलेली पोर शिशाचे खिळे जुळवून पान बांधीत होती! ज्या पोरीला अक्षरओळख नव्हती तिला अक्षरेही त्यातच आली. आंधळ्या मुलींनादेखील रमाबाईंची कन्या मनोरमाबाई ब्रेल लिपीतून वाचावयास शिकवीत. दुष्काळातल्या पोरींना टोपल्या विणावयास बसविले असते तरी लोकांनी शाबासकीच दिली असती. रमाबाईंनी त्यांच्या हातात छापण्याचे यंत्र दिले, हे त्यांचे वेगळेपण.

अण्णासाहेब कर्व्यांचे काम सर्वांना ठाऊक आहे. १८९६ साली अनाथबालिकाश्रम, १९०७ साली महिलाविद्यालय, १९१६ साली महिला विद्यापीठ. हिंगण्याच्या माळावरची ती झोपडी प्रत्येक क्रमिक पुस्तकात येऊन गेली आहे. म्हणून मी पुण्याच्या दुसऱ्या एका संस्थेकडे वळते, जिची आठवण आपल्याकडे कमी निघते.

न्यायमूर्ती रानडे १९०१ साली वारले. त्यांच्या पत्नी रमाबाई रानडे ह्यांनी १९०९ साली पुण्यास आपल्या राहत्या वाड्यात सेवासदन सुरू केले. भारत सेवक समाजाचे गोपाळ कृष्ण देवधर हे त्यांचे उजवे हात. येणाऱ्या बहुतेक बायका प्रौढ, त्यातही विधवा अगर सोडलेल्या. त्यांना लिहिणे-वाचणे, शिवण, भरतकाम, विणकाम शिकवू लागले. येथवर कोणाची तक्रार नव्हती. पण रमाबाईंनी पुढे ससून रुग्णालयात नर्सचे काम शिकण्यास बायका पाठविण्याचे ठरविले, आणि मग खरी कसोटी लागली.

आज आपल्या गावात नर्सबाई मोटारसायकलवरून येते, आपण तिला चहा देतो, पोराला लस टोचून घेतो. त्या काळचे चित्र डोळ्यांपुढे आणा. सोवळ्यातली बाई. तिने कोणत्या जातीचे, कोणत्या रोगाचे माणूस आहे हे न पाहता त्याचे अंग पुसावयाचे, त्याची घाण काढावयाची, परपुरुषाच्या अंगाला हात लावावयाचा, रात्रपाळीला घराबाहेर राहावयाचे. घरातल्या कोणत्या सासूने हे मान्य केले असते? आणि रात्री एकटी बाई रुग्णालयातून घरी जाणार कशी? तेव्हा सेवासदनाने नर्स होणाऱ्या बायकांसाठी राहण्याची सोय केली. मला वाटते, ह्या कामाची अर्धी किल्ली त्या वसतिगृहात होती. विद्या कितीही चांगली असो, रात्री डोके टेकावयास अब्रूची जागा नसेल तर खेड्यातली मुलगी ती घेऊ शकत नाही. पंजाबराव देशमुखांनी अमरावतीस श्रद्धानंद छात्रालय काढले, ते ह्याच जाणिवेने. १९३२ साली श्री शिवाजी शिक्षण संस्था निघाली, तिच्याही आधी त्यांनी छात्रालयाचे काम हाती घेतले होते. शाळा मागाहून, छप्पर आधी.

सेवासदनातील शिवणाच्या वर्गाकडे मी हसून पाहत नाही. ‘शिवण शिकायला जाते’ हे वाक्य घरात बोलता येत असे. ‘नर्स होते’ हे बोलता येत नसे. पहिल्या वाक्याने उंबरठा ओलांडला की पुढचे दार दिसे. शिवणाचा वर्ग ही रमाबाईंच्या घरातली पहिली पायरी होती; तेथून कोणी शिक्षिकांच्या वर्गाकडे जाई, कोणी रुग्णालयाकडे जाई. पायरीवरच बैठक मारून बसावे असा त्यांचा हेतू नव्हता. १९२४ साली रमाबाई वारल्या, तोवर पुण्यात शिकलेली नर्स ही दृष्टीला सवयीची झाली होती.

आता आपल्या विदर्भातला एक मोठा प्रयोग. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्यास शिक्षणपरिषद भरली आणि महात्माजींनी आपली योजना मांडली: मुलाने सात वर्षे शिकावे, ते एखाद्या हस्तोद्योगाच्या द्वारे शिकावे, आणि त्या उद्योगाच्या उत्पन्नातून शाळेचा खर्च निघावा. डॉ. झाकीर हुसेन ह्यांच्या समितीने अभ्यासक्रम केला. सेवाग्रामला आशादेवी व आर्यनायकम् ह्या दांपत्याने तो प्रत्यक्षात आणला. पुढे गावोगावच्या शाळांवर ‘जीवन शिक्षण मंदिर’ अशा पाट्या लागल्या. काही गावांत त्या अजून दिसतात. माझ्या पिढीने शाळेत टकळी फिरविली आहे. पेळू कसा धरावा, सूत कसे तुटू द्यावयाचे नाही, हे मला आजही येते.

विचार थोर होता ह्यात शंका नाही. हाताने काम करणाऱ्याला कमी लेखण्याच्या आपल्या सवयीवर तो घाव होता. तरीही तो गावात रुजला नाही. माझी समजूत अशी की, गरीब आईबापांना त्यातले पाणी कळले होते. सावकाराचा, वकिलाचा मुलगा तालुक्याला इंग्रजी शिकत होता, आणि आपल्या पोराच्या हातात टकळी होती. कोष्ट्याच्या पोराला माग नवा नव्हता, चांभाराच्या पोराला रापी नवी नव्हती. जातीने जे काम आधीच गळ्यात बांधले होते, तेच शाळेतही पुढे आले तर त्या शाळेने दिले काय, असा प्रश्न त्यांनी तोंडाने विचारला नसेल. पाय मागे घेऊन विचारला. शिवाय त्या सुताला गिऱ्हाईक कोठे होते? वर्षाअखेर गुंड्या तपासून घेतल्या की त्यांचे काम संपले.

ह्याच्या उलट बाजूने विचार केला तो डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. १९४२ च्या जुलैत ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात त्यांनी अस्पृश्य वर्गाच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन सरकारला दिले. त्यात त्यांनी साफ म्हटले की, कला आणि कायदा ह्यांच्या शिक्षणाने आमच्या लोकांचे फारसे भले होणार नाही. विज्ञान आणि तंत्र ह्यांचे उच्च शिक्षण पाहिजे, त्यासाठी शिष्यवृत्त्या पाहिजेत. आणि तेवढ्यावर न थांबता, सरकारी छापखान्यांत व रेल्वेच्या कारखान्यांत आमच्या मुलांना उमेदवार म्हणून घ्या, असेही मागितले. जातीचा जुना धंदा सुधारून द्या असे त्यांनी मागितले नाही; ज्या धंद्याला जात नाही आणि ज्याला महिन्याचा पगार आहे, तो त्यांनी मागितला. केडगावचा छापखाना आणि हे निवेदन ह्यांत अनेक वर्षांचे अंतर, धर्म वेगळे, माणसे वेगळी. परंतु मला त्यांत एकच नजर दिसते.

दुसऱ्या महायुद्धात सरकारला कारागीर कमी पडू लागले, म्हणून १९४० पासून मजूर खात्याने तंत्रशिक्षणाची केंद्रे काढली होती. युद्ध संपल्यावर तीच केंद्रे सुटून आलेल्या सैनिकांसाठी व फाळणीत उखडलेल्या निर्वासितांसाठी वापरात आली, आणि १९५० साली त्यांतून कारागीर प्रशिक्षण योजना निघाली. तीच आपली आजची आय. टी. आय. सुरुवातीला देशभरात अशा सुमारे पन्नास संस्था होत्या. १९५६ पासून त्यांचा रोजचा कारभार राज्यांकडे आला. पुढे १९६१ साली शिकाऊ उमेदवारांचा कायदा झाला, त्यामुळे कारखान्यांना उमेदवार घेणे भाग पडले. संस्थेच्या पाटीवर शुद्ध मराठीत जोडारी, कातारी, संधाता, वीजतंत्री, तारतंत्री असे लिहिलेले असते. गावात कोणी तसे म्हणत नाही. फिटर, टर्नर, वेल्डर म्हटले की सर्वांना कळते. दहावी झालेला गरिबाचा मुलगा दोन वर्षांत हातात सरकारी प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडू लागला आणि जालन्याच्या लोखंडी सळ्यांच्या कारखान्यांत किंवा वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत लागू लागला. आपल्या गावातले असे किती तरी संसार मी नावानिशी सांगू शकेन. मुली मात्र त्या संस्थेत गेल्या तरी बहुतेक पुन्हा कापड बेतण्याच्या वर्गात गेल्या.

बायकांसाठी त्या काळात दोन कामे चांगली झाली. १९५३ साली केंद्रीय समाजकल्याण मंडळ स्थापन झाले. दुर्गाबाई देशमुख त्याच्या पहिल्या अध्यक्ष. ह्या बाई मूळच्या आंध्रच्या. आपले चिंतामणराव देशमुख ह्यांच्याशी विवाह झाल्याने आडनावाने आपल्या झाल्या. ह्या मंडळाने १९५८ पासून प्रौढ बायकांसाठी संक्षिप्त अभ्यासक्रम सुरू केले. शाळा सुटलेली, नवऱ्याने टाकलेली, विधवा बाई दोन वर्षांत परीक्षेला बसावी आणि मग तिला नर्स, ग्रामसेविका, बालवाडीची बाई होता यावे, अशी ती रचना होती. म्हणजे जागा आधी पाहिलेली आणि अभ्यास त्या जागेच्या मापाने कापलेला. ते मंडळ आता राहिले नाही, पण त्या अभ्यासक्रमातून पुढे आलेल्या बाया माझ्या नोकरीच्या काळात मी पाहिल्या आहेत. त्यांचे अक्षर वळणदार नसे, परंतु त्यांचा शब्द गावात वजनदार असे.

दुसरे काम ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ ह्यांचे. १९४५ साली ठाणे जिल्ह्यात समुद्रकाठच्या बोर्डीला त्यांनी बालशिक्षणाचे केंद्र काढले, आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर वारली आदिवासींत ते चालविले. मुले शाळेत येत नाहीत तर शाळा त्यांच्या अंगणात न्यावी, म्हणून अंगणवाडी. अनुताई स्वतः बालविधवा. तेराव्या वर्षी लग्न आणि सहा महिन्यांत सारे संपले. त्यांनी कोसबाडला बालवाडी चालविणाऱ्या सेविका तयार केल्या. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सरकारने एकात्मिक बालविकास योजना सुरू केली, तेव्हा अंगणवाडी हा शब्द देशभर झाला. आज गावोगाव अंगणवाडीताई आहे. मानधनासाठी तिला अजूनही मोर्चे काढावे लागतात, हे खरे. पण गावातल्या थोड्या शिकलेल्या सुनेला गावातच, सरकारी हजेरीपटावर नाव असलेले काम त्यामुळे मिळाले.

मग शिवणयंत्र आपल्याकडे केव्हा आले? खेडोपाडी ते खऱ्या अर्थाने पसरले स्वातंत्र्यानंतर. गटविकास आला, १९६२ साली जिल्हा परिषदा आल्या, महिला मंडळे निघाली, आणि कोठल्याही योजनेत बायकांसाठी काय, असे विचारले की ‘शिवणयंत्र’ हे उत्तर तयार असे. यंत्र आटोपशीर, माजघरात मावते, घरच्यांची हरकत नाही, आणि वाटपाच्या वेळी छायाचित्रही छान येते! राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी ग्रामगीतेत ‘महिलोन्नति’ असा स्वतंत्र अध्याय घातला, तो १९५५ चा ग्रंथ. आपल्याकडे घरोघरी त्याचे वाचन होते. पण महिलोन्नती म्हणजे शिवणक्लास, असा अर्थ आपण आपल्या सोयीने लावून घेतला.

आपल्या मंडळाच्या क्लासने गावाला पुष्कळ दिले, हे मी नाकारीत नाही. कित्येक मुलींना त्यामुळे दुपारी घराबाहेर पडता आले. ब्लाउज, परकर, पोरांचे गणवेश ह्यांतून अडीअडचणीला पैसे उभे राहिले. परंतु आज गावात गल्लोगल्ली यंत्र आहे. ब्लाउजची शिलाई एकीने वाढविली की दुसरी कमी करते. तयार कपड्यांचे दुकान मेहकरला आहे, लोणारला आहे, आणि मोबाईलवर मागविलेला गाऊन थेट दारात येतो. शिकविले जात आहे चांगलेच, पण घेणारा कोण, हा प्रश्न टकळीच्या वेळेस होता तसाच आता आहे. मुंबईच्या गिरगावात १५ मार्च १९५९ रोजी सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटावयास घेतले, त्यांचे लिज्जत झाले. पापड लाटणे त्यांना कोणी शिकविलेले नव्हते. त्यांनी शोधला तो बाजार.

आणि आपल्या पलीकडे काय चालले आहे ते पाहा. सिंदखेडराजा आणि देऊळगावराजा ह्या तालुक्यांत गावोगाव हिरवी, पांढरी शेडनेटे उभी आहेत. त्यांत मिरची, टोमॅटो, काकडी ह्यांचे संकरित बियाणे तयार होते. जालन्याला १९६४ साली महिकोची स्थापना झाली आणि बियाण्याचा धंदा ह्या मुलखात शिरला. १९७० साली गुजरातेत एच-४ हा जगातला पहिला संकरित कापूस बाजारात आला आणि हाताने परागीकरण करण्याची विद्या शेतकऱ्याच्या बांधावर आली. ही विद्या कोणाच्या हातात आहे? बायकांच्या. टोमॅटोची कळी उमलण्याच्या आधी नेमकी हेरावयाची, चिमट्याने तिच्यातील पुंकेसर अलगद काढावयाचे, आतल्या स्त्रीकेसराला धक्का लागू द्यावयाचा नाही. मग नराच्या फुलाचा पराग आणून त्यावर लावावयाचा आणि खूण करून ठेवावयाची. एखादा पुंकेसर आत राहिला की फुलाचे आपल्याच परागाने फळ धरते, बियाणे भेसळीचे होते, आणि कंपनीच्या तपासणीत सबंध माल नापास होऊ शकतो. शेतकऱ्याचे लाखाचे उत्पन्न ह्या बायकांच्या बोटांवर उभे असते.

ह्या कामाला आपण ‘क्रॉसिंगला जाते’ असे म्हणतो आणि निंदण-खुरपणाच्या ओळीत बसवितो. कंपनीचा करार शेतकऱ्याच्या नावे, निरीक्षक बाहेरून शिकून आलेला, आणि बाईच्या नावापुढे फक्त रोजंदारी. शंभर वर्षांपूर्वी वाकळ शिवणारी बाई आणि शिंपी ह्यांत जो फरक होता तोच हा. कृषी महाविद्यालयातला विद्यार्थी जे पुस्तकात वाचतो ते आपल्या बायका डोळे मिटून करतात. पण त्यांच्याजवळ कागद नाही. आधीच येत असलेल्या कामाची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची तरतूद सरकारच्या कौशल्य विकास योजनेत आहे. ती योजना २०१५ ची. ह्या हातांची परीक्षा कोणी घेतल्याचे मी आपल्या गावात ऐकलेले नाही.

कार्यकारिणीत ह्यावर दोन मते पडली आहेत. काही भगिनींचे म्हणणे, शिवणक्लास बंद केला तर मुली घरात कोंडल्या जातील; इतकी वर्षे चाललेले काम मोडू नये. त्यात तथ्य आहे, आणि म्हणून क्लास बंद करावा असे मी म्हणत नाही. तो पायरीसारखा चालावा आणि पायरीपुढचे दार उघडावे, एवढेच माझे म्हणणे. मुलींना आय. टी. आय. मध्ये राखीव जागा आहेत. वीजतंत्रीचा कोर्स दोन वर्षांचा आहे. आपल्या भागात घरांवर आणि विहिरींवर सौर पंपांची पाने बसत आहेत, आणि ती बिघडली की माणूस बाहेरगावाहून येईपर्यंत पिकाला पाणी मिळत नाही. ‘बाई काय खांबावर चढणार?’ असे एका सभासद भगिनीच्या यजमानांनी विचारले. सौर पंपाच्या पानाला खांब नसतो, हे मी त्यांना सांगितले. पुढचे उत्तर त्यांच्या मुलीने द्यावे.

राहता राहिला जाण्यायेण्याचा आणि राहण्याचा प्रश्न. १७ मार्च २०२३ पासून एस. टी. मध्ये बायकांना अर्धे तिकीट झाले, त्यामुळे रोजचे जाणे पूर्वीइतके जड नाही. पण संध्याकाळची गाडी चुकली तर मुलीने थांबावे कोठे, ह्याला उत्तर पाहिजे. सेवासदनाला ते १९०९ नंतरच्या पुण्यात शोधावे लागले, आपल्याला बीबीत शोधावे लागेल. तालुक्याच्या गावी आपल्या पाच-सात सभासद भगिनींची माहेरे आहेत. त्यांतल्या दोघींनी अशा वेळी मुलीला रात्रीपुरते ठेवून घेण्याचे कबूल केले आहे.

मंडळाच्या निधीत ह्या वर्षी जी रक्कम शिल्लक आहे, ती जुन्या शिवणयंत्रांच्या दुरुस्तीला लावावी, की दोन मुलींच्या प्रवेशाला, हत्यारांच्या पेटीला आणि बसच्या पासाला, ह्यावर सर्वसाधारण सभेत बोलणे व्हावयाचे आहे. ज्यांच्या घरात यंदा दहावी झालेली मुलगी असेल त्यांनी सभेस येताना तिलाही बरोबर आणावे. गुणपत्रिका आणि शाळा सोडल्याचा दाखला सोबत असल्यास अर्ज तेथेच भरून देता येईल.